हौद्याला किती जाड पत्रा? घरी बांधलेल्या कॅम्पिंग ट्रेलरचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर भागातील एका कुटुंबाने जीपमागे ओढायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर स्वतः बांधून घ्यायचे ठरवले. घाट उतरून कोकण किनारा, धरणांच्या बॅकवॉटरच्या कडेचे मुरमाचे रस्ते आणि पावसाळ्यानंतरच्या चिखलवाटा, असा त्याचा वापर होणार होता. झाकणावर घडीचा तंबू, आत पाणी, फ्रिज, चूल आणि सामान, मागचा फाळका उघडला की तोच स्वयंपाकाचा ओटा. काम उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडे द्यायचे होते. बेंडिंग प्रेस शेजारच्या गाळ्यात होती आणि पत्र्याचे दुकान पलीकडच्या गल्लीत.

चासीचा निर्णय लवकर झाला. कडेला आणि आडव्यांना ५० × ५० × ३ मिमी चौकोनी पाइप, ड्रॉबारला १०० × ५० × ३, ४५ मिमी चौरस भरीव अ‍ॅक्सल आणि एका जुन्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे. अडले ते पत्र्यापाशी.

पत्र्याआधी दोन आकडे कागदावर पक्के केले गेले, आणि या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच. पहिला आकडा भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनाचा: ६५० किलो. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हता, त्यामुळे घाट उतरताना सगळा भार जीपच्या ब्रेकवर येणार होता. म्हणून ही मर्यादा जीपच्या वजनाच्या निम्म्याहून बरीच खाली ठेवली. दुसरा आकडा सामानाचा: २०७ किलो. साठ लिटर पाणी, फ्रिज, बॅटरी, गॅस, भांडी, शिधा, खुर्च्या, अंथरूण-पांघरूण, हत्यारे, सगळे घरातल्या काट्यावर मोजून. अंदाजाने लिहिलेल्या पहिल्या यादीत हाच आकडा १४० होता.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो, म्हणजे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. आरटीओ कार्यालयातली चौकशी पत्रा कापण्याआधी व्हायला हवी होती. ती चासी उभी राहिल्यावर झाली. मंजुरी कोणत्या मापाला आणि कोणत्या वजनाला मिळेल यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

अडचण

हौदा १८३० मिमी लांब आणि १२२० मिमी रुंद धरला होता, म्हणजे सहा बाय चार फूट. माप आवडीने नव्हे, आठ बाय चारच्या पत्र्यावरून ठरले. २४४० × १२२० च्या एका पत्र्यातून तळ निघतो आणि उरलेल्या ६१० मिमीत पुढची भिंत. दुसऱ्या पत्र्यातून ६१० मिमीच्या दोन बाजू निघतात आणि उरलेल्या तुकड्यात मागचा फाळका. दोन पत्र्यांत हौदा, भंगार जवळपास शून्य. बाजूंच्या ६१० मिमीतून खालची २५ मिमी दुमड आणि वरच्या ओठाचे (काठ वळवून केलेल्या दुमडीचे) २५ अधिक १२ मिमी वजा जातात, त्यामुळे हौद्याची खरी उंची ५४५ मिमीच्या आसपास राहते. हे आधी लक्षात घेतले नाही, तर फ्रिज उभा बसत नाही.

मग जाडी किती? मिस्त्रींचे म्हणणे सरळ होते: “साहेब, सगळीकडे तीन एमएम टाकूया, परत बघायला नको.” ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या माणसाचा हा सल्ला ट्रॉलीसाठी योग्यच आहे. ऊस, दगड, माती पडते तिथे पत्रा जाडच हवा. कॅम्पिंगचा हौदा मात्र चांगल्या रस्त्यावरही रिकामा कधीच जात नाही, आणि त्यातले पत्र्याचे वजन प्रत्येक किलोमीटरला ओढावे लागते.

दुसरा घोळ गेजचा. मालकांनी आधारासाठी घेतलेले नकाशे अमेरिकी होते. त्यांत हौद्याला ‘१६ गेज’ पोलाद आणि झाकणाला ‘१४ गेज’ अ‍ॅल्युमिनियम लिहिले होते. आपल्या बाजारात गेज म्हणजे बहुधा ब्रिटिश एसडब्ल्यूजी, त्यात १६ गेज १.६३ मिमी. अमेरिकी पोलादाच्या कोष्टकात १६ गेज १.५२ मिमी. एवढा फरक चालून जातो. अ‍ॅल्युमिनियमला अमेरिकेत कोष्टकच वेगळे आहे. तिथला १४ गेज म्हणजे १.६३ मिमी, आपल्याकडचा २.०३ मिमी. दुकानात नुसते ‘चौदा गेज’ सांगितले असते तर पाव हिश्श्याने जाड पत्रा घरी आला असता. म्हणून पुढची सगळी बोलणी मिलिमीटरमध्ये झाली. पत्रा उचलताना व्हर्नियर लावले आणि वजनही पाहिले. आठ बाय चारचा १.६ मिमी पोलादी पत्रा ३७.४ किलो भरायला हवा, २ मिमीचा ४६.७. पत्रा किलोवर विकला जात असल्याने काटा दुकानातच असतो. एक पत्रा ३५ किलोच्या आत भरला, मोजला तर १.५ मिमी निघाला, आणि बदलून घेतला.

समोरचे पर्याय

हिशोब साधा आहे. पोलादाचा १ मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो, अ‍ॅल्युमिनियमचा २.७ किलो. हौदा, झाकण आणि मडगार्ड मिळून पत्रा होतो सुमारे ८.७ चौरस मीटर.

सगळीकडे ३ मिमी पोलाद घेतले तर नुसता पत्रा २०५ किलो. चासी, चाके, तंबू, कडी-कोयंडे धरून रिकामा ट्रेलर ४९५ च्या पुढे जातो. ६५० मधून तो वजा केला की सामानाला १५५ किलोही उरत नाहीत, आणि हवे होते २०७. पर्याय तिथेच बाद झाला. वजनाची मर्यादा आधी लिहिलेली नसती तर तो बाद झाला नसता, कारण तीन मिमीच्या बाजूने बोलणारा प्रत्येक मुद्दा ऐकायला पटतो.

सगळीकडे १.२ मिमी पोलाद घेतले तर ८२ किलो. वजनाला उत्तम. भीती होती ती तळाची आणि दुरुस्तीची.

२ मिमी अ‍ॅल्युमिनियम ४७ किलो. हा पर्याय मालकांच्या मनात बराच काळ होता आणि तो चुकीचा नाही. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या तिसरा हिस्सा असतो, पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे १.६ मिमी पोलादाइतका ताठ पत्रा २.३ मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये मिळतो, तोही निम्म्या वजनात. अडचणी दोन. स्थानिक दुकानात सहज मिळतो तो मऊ ११०० दर्जाचा, दगड लागला की खळगा कायमचा. ५०५२ दर्जा मागवून घ्यावा लागतो. शिवाय पोलादी चासीवर अ‍ॅल्युमिनियम थेट ठेवले आणि खारे पाणी मध्ये शिरले की सांध्यावर अ‍ॅल्युमिनियम झिजते. मध्ये रबर किंवा सीलंटचा थर आणि रिव्हेटचे काम हवे. या गाळ्यात अ‍ॅल्युमिनियमवर भरवशाचा हात नव्हता. ज्यांच्याकडे तो हात आहे त्यांनी हा पर्याय पहिला विचारात घ्यावा.

निर्णय: प्रत्येक पत्र्याला वेगळा प्रश्न

कोंडी फुटली ती प्रश्न बदलल्यावर. ‘ट्रेलरला किती जाडी’ याऐवजी प्रत्येक पत्र्याला तीन गोष्टी विचारल्या गेल्या: याला मागून आधार किती अंतरावर आहे, याच्या कडा दुमडता येतात का, आणि याच्यावर नेमके काय आदळणार आहे.

दुमडीचे महत्त्व आकड्यात पाहिले तर मिस्त्रींनाही पटले. कडेची १०० मिमी रुंद पट्टी घ्या, १.६ मिमी जाडीची, सपाट. ती ३ मिमीची केली तर ताठपणा साडेसहा पट होतो आणि वजन जवळपास दुप्पट. तीच १.६ मिमीची पट्टी कडेला २५ मिमी काटकोनात दुमडली तर ताठपणा सव्वादोनशे पटींच्या घरात जातो, आणि वाढतो तो फक्त २५ मिमी पत्रा. बेंडिंगच्या एका फेरीचे पैसे आणि पत्र्याचा भाव समोर ठेवला की हिशोब तिथेच संपतो. दुमड कडेला बळ देते, मधल्या मैदानाला नाही. मधल्या भागासाठी पत्र्यात हलकी घडी टाकावी लागते किंवा मागे पट्टी द्यावी लागते.

तळ: २ मिमी. आडवे पाइप चार, म्हणजे आधार ३६५ मिमीवर. तळावर माणूस टाच टेकवून उभा राहतो, भरलेला कॅन आपटतो, जॅक घरंगळतो. इथे जाडीला खरे काम आहे. ३ मिमीचा विचार झाला, पण एक आडवा पाइप वाढवणे स्वस्त आणि हलके पडते: एका आडव्याचे पाच किलोही होत नाहीत, तर तळ ३ मिमीचा केला की साडेसतरा किलो वाढतात.

पुढची भिंत: २ मिमी. जीपच्या मागच्या चाकांनी उडवलेले दगड थेट इथे येतात. खळगा पडण्याला जाडीच अडवते, घडी नाही. शिवाय कापणीच्या हिशोबात ती तळाच्याच पत्र्यातून निघत होती.

बाजू आणि फाळका: १.६ मिमी सीआर (थंड लाटलेला) पत्रा. वर ओठ, खाली दुमड, आणि लांबीभर दोन हलक्या घड्या, प्रत्येकी १२ ते १५ अंशांच्या, मिळून १५ मिमीची पायरी. या घड्यांनी १८३० मिमी लांब मैदान दोन अरुंद पट्ट्यांत विभागले. अंगठ्याने दाबले तर घड्या टाकण्याआधी पत्रा डब्याच्या बुडासारखा आत-बाहेर व्हायचा, नंतर तो आवाज बंद झाला.

बाजूंना १.२ मिमी पुरला असता का? ताठपणापुरता बहुधा हो, आणि सात किलो वाचले असते. तरी १.६ घेण्यामागचे कारण ताकदीचे नव्हते, दुरुस्तीचे होते. गावात मिळते ते आर्क वेल्डिंग आणि २.५ मिमीचा रॉड. १.६ मिमीवर सवयीचा हात टाका मारू शकतो, १.२ वर बहुतेक वेळा भोक पडते. सीओटू (तारेचे) वेल्डिंग प्रत्येक तालुक्याच्या वाटेवर सापडत नाही. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत व्यवहारी निर्णय.

झाकण: १.२ मिमी, खाली २५ × २५ × २ पाइपची चौकट आणि दोन आडव्या. पत्र्याची रुंदी १२२० आणि हौदाही १२२०, त्यामुळे बाहेर उतरणारी झालर त्याच पत्र्यातून दुमडता येत नव्हती. उरलेल्या ६१० मिमी तुकड्यातून ५० मिमीच्या पट्ट्या कापून झालर वेगळी लावली.

मडगार्ड: ३ मिमी. ‘चाकाचे दगड लागणार, लोक पाय देणार, जाड असू द्या’ या एका वाक्यावर निर्णय झाला आणि कोणी थांबून हिशोब केला नाही.

एकूण पत्रा ११७ किलो. रिकाम्या ट्रेलरचा अंदाज ४०९ किलो.

प्रत्यक्ष काम

तळ चासीवर बसवताना पहिली गडबड झाली. मिस्त्रींनी बाहेरची एक लांब कड सलग वेल्ड केली, १८३० मिमी एका दमात. पत्रा थंड होताना आकसला आणि तळाच्या मध्यभागी १४ मिमी पोट आले. हातोड्याने बसवण्याचा प्रयत्न केला, तर पोट एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले. ताणला गेलेला पत्रा हातोड्याने आणखीच ताणतो. शेवटी १ मिमीच्या कटिंग चकतीने ते वेल्ड कापले, पत्रा मोकळा झाला आणि पोट बरेचसे आपोआप बसले. मग क्रम बदलला. आधी मध्यातून बाहेर सगळीकडे टाके, त्यानंतर २५ मिमीचे तुकडे दर १२५ मिमीवर, एक तुकडा डाव्या कडेला, पुढचा उजव्या कडेला, आणि पत्रा हाताला गरम लागला की थांबायचे. ०.८ मिमीची तार, १.६ मिमी पत्र्याला ७० ते ९० अँपिअर. दोन दिवसांऐवजी तीन दिवस लागले.

इथे एक अपरिहार्य देवाणघेवाण आहे. तुकड्यातुकड्याने केलेले वेल्ड पत्रा वाकू देत नाही, पण दोन तुकड्यांमध्ये १०० मिमी फट उघडी राहते आणि त्या फटीत पाणी शिरते. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी वेल्ड करता येणारा झिंक प्रायमर आणि नंतर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लागतेच. आतून सीलंट नीट भरले गेले. खालून, चासीच्या बाजूने, राहून गेले.

जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा का घेतला नाही, हा प्रश्न मिस्त्रींनाही पडला होता. जस्ताचा थर जळला की जो धूर निघतो तो घातक असतो, वेल्डजवळचे जस्त घासून काढावे लागते, आणि मग नेमकी गंजणारी जागाच उघडी पडते. तयार हौदा वितळलेल्या जस्तात बुडवण्याचाही विचार झाला. जस्ताचा तो हौज ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, दीड-दोन मिमीचे वेल्ड केलेले पत्रे त्यात वेडेवाकडे होण्याची शक्यता मोठी. म्हणून सीआर पत्रा, इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू रंग.

झाकणाचा पत्रा चौकटीला वेल्ड न करता पीयू चिकटद्रव्यावर बसवला, ३ मिमी जाडीचा सलग थर, कडेला तेवढे रिव्हेट. १.२ मिमीवर वेल्डच्या लाटा उठल्या असत्या. शिवाय चिकटद्रव्य रबरासारखे असल्याने खालच्या चौकटीची पिळवट पत्र्यावर थेट येत नाही.

वजनकाट्यावर रिकामा ट्रेलर ४२० किलो भरला. अंदाजाहून जास्तीचे ११ किलो म्हणजे दगड अडवणारी जाळी, मागाहून वाढवलेल्या पट्ट्या आणि काट्याची दहाच्या पटीतली मोजणी. ड्रॉबारचे टोक, जीपच्या हुकाच्या उंचीवर, घरगुती काट्यावर टेकवून मोजले. पूर्ण भरल्यावर ९५ किलो आले, एकूण वजनाच्या १५ टक्के. पाण्याची टाकी पुढून काढून अ‍ॅक्सलच्या वर आणल्यावर ते दहा टक्क्यांच्या आसपास आले.

वापरात काय घडले

पहिल्या सहा महिन्यांत २३०० किमी, त्यांतले ४०० कच्च्या रस्त्याचे. तळ, पुढची भिंत आणि बाजूंचे मैदान, तिन्ही जसेच्या तसे राहिले. बिघडले ते तीन ठिकाणी.

पहिले आणि गंभीर: धुताना डाव्या मडगार्डच्या मागच्या टोकाशी बाजूच्या पत्र्यात ७० मिमीची चीर दिसली. उजवीकडे तीच जागा, २५ मिमी. मिस्त्रींचा लगेचचा निष्कर्ष होता की १.६ मिमी कमी पडला, बाजू ३ मिमीच्या करू. हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू, कारण वरवर पाहता पुरावा त्यांच्या बाजूने होता.

पण चीर मैदानात नव्हती. ती वेल्डच्या शेवटच्या टोकापासून, त्याच्या काठाला लागून सुरू झाली होती. मडगार्ड ३ मिमीचे, एकेक सहा किलोचे, थेट १.६ मिमीच्या पत्र्याला सलग वेल्ड केलेले आणि बाहेरच्या बाजूला अधांतरी. तंबूत चढायला लोक त्यावर पाय देत, म्हणजे सत्तर-ऐंशी किलो टोकावर. जाड वस्तू पातळ पत्र्याला जिथे संपते, तिथे सगळा हेलकावा एका रेषेत गोळा होतो. मडगार्ड पातळ असते तर ते स्वतः थोडे वाकले असते. जाड असल्याने त्याने पत्र्यालाच वाकवले. जाडीच्या हौसेनेच चीर आणली.

शोध तिथेच थांबवला नाही हे बरे. जुन्या गाडीच्या पाट्यांची जुडी सात पानांची होती, जास्त वजनासाठी बनलेली. टायरमध्ये हवा जीपच्या पुढच्या चाकांइतकीच, ४० पीएसआय. मुरमाच्या लाटाळ रस्त्यावर ट्रेलर झुलत नव्हता, उडत होता. जो धक्का पाट्यांनी आणि टायरने गिळायचा, तो पत्र्यापर्यंत पोहोचत होता. पत्रा कुठलाही असो, इतक्या कडक बैठकीवर काहीतरी फुटणारच.

दुसरे: पावसाळ्यानंतर तळाच्या खालच्या सांध्यांतून गंजाचे ओघळ, नेमके सीलंट राहून गेलेल्या फटींतून. किनाऱ्यावरच्या दोन मुक्कामांनी त्यात भर घातली.

तिसरे: फाळक्यातून लाल धूळ आत. फाळक्याला दोन टोकांना दोन कड्या, मध्ये ११०० मिमी अंतर. कड्या आवळल्या की टोके घट्ट आणि मध्यभाग ४ मिमी बाहेर, तिथे रबर दाबलेच जात नव्हते.

दुरुस्ती

चिरेचे खरे टोक डोळ्याला दिसते त्याच्या पुढे असते. रंग काढून रॉकेल लावले, पुसले, वर खडूची पूड भुरभुरली. काही मिनिटांत रॉकेल वर येऊन पुडीवर ओली रेघ उमटली, दिसत होते त्याहून १२ मिमी पुढपर्यंत. त्या टोकाला ४ मिमीचे भोक पाडले, चीर खोलून वेल्ड केली आणि सपाट घासली. भोक न पाडता नुसती चीर भरली असती तर ती भरावाच्या पुढून चालूच राहिली असती.

वर ठिगळ २ मिमीचे, सुमारे २०० × १२० मिमी, पण चौकोनी नाही. आडव्या चौकटच्या एक्क्यासारखे, कोपरे २५ मिमी त्रिज्येने गोल. चौकोनी ठिगळाची उभी कड पुन्हा तशीच एक रेघ तयार करते आणि चीर तिथे सरकते. ठिगळ ३ मिमीचे न करण्याचे कारणही तेच.

मडगार्ड हौद्यापासून सोडवले. चासीतून बाहेर काढलेल्या ४० × ४० × ३ पाइपच्या दोन-दोन हातांवर ते एम१० बोल्टने बसवले, हौद्याशी ८ मिमी फट ठेवून मध्ये रबराची पट्टी. नवे मडगार्ड २ मिमीचे, कडेला १५ मिमी दुमड. पाय देणाऱ्याचे वजन आता सरळ चासीवर जाते. पाट्यांतली दोन पाने कमी केली, त्याआधी उरलेली पाने ६५० किलोला पुरतात का हे भरलेल्या ट्रेलरवर पाटे किती बसतात ते मोजून पाहिले. कच्च्या रस्त्यावर टायरमध्ये २२ ते २५ पीएसआय, डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा भरणे.

फाळक्याला जाडी न वाढवता आतून २५ × २५ पाइप आडवा लावला आणि मध्ये तिसरी कडी. धूळ थांबली. गंजलेल्या फटी तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून, खालून सीलंट भरले. तळाच्या चार कोपऱ्यांत १२ मिमीची भोके आणि रबरी बुचे केली, म्हणजे धुतल्यावर पाणी साचत नाही.

त्यानंतरच्या ३१०० किमीमध्ये चिरांच्या जागा दोनदा रॉकेल-खडूने तपासल्या. वाढ नाही.

पुन्हा बांधायचा झाला तर

मडगार्ड पहिल्यापासून चासीवर. हौद्याच्या पत्र्याला बाहेरून काहीही टांगायचे नाही. कॅनचे हुक, फावड्याच्या क्लिपा, सावलीच्या कापडाचा आधार, सगळे कोपऱ्यांतल्या ४० × ४० च्या अँगलवर किंवा वरच्या ओठावर घ्यायचे. नंतर सुचणाऱ्या वस्तूंसाठी ओठाखाली एक आडवा पाइप आधीच टाकून ठेवणे शहाणपणाचे.

चासी आणि हौदा वेगळे बांधून, मध्ये रबर देऊन बोल्टने जोडावेत. मग ३ मिमी पाइपची चासी गरम जस्तात बुडवता येते. पाइपांना दोन्ही टोकांना हवा-पाण्याची भोके ठेवलीच पाहिजेत, बंद पाइप हौजात गेला तर आतल्या वाफेने फुटू शकतो. हौद्याला चासीची पिळवटही कमी पोहोचते.

झाकण सपाट केले, ही चूक. तंबू काढल्यावर मध्यभागी पाणी साचते. चौकटीच्या दोन आडव्यांना १० ते १२ मिमी कमान दिली असती तर पाणी वाहून गेले असते आणि १.२ मिमीचा पत्रा ताणून बसल्याने पावसाचा ढोलही कमी वाजला असता. आता आतून ब्युटाइलच्या चादरीचे तुकडे चिकटवले आहेत, साधारण एक तृतीयांश भागावर. आवाज बराच बसला, पाणी अजून साचते.

बाजू तशाच, १.६ मिमी, फक्त खालची दुमड आत न वळवता तळाच्या काठावरून खाली उतरवावी. म्हणजे सांध्यावर आलेले पाणी फटीत न शिरता ठिबकून जाईल. त्यासाठी तळाची रुंदी दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या जाडीइतकी कमी करावी लागेल. ६१० मिमीच्या त्याच कापणीत हे बसते.